तिसऱ्या क्लायंटबद्दल

ती. वन्संना,

साष्टांग नमस्कार लिहिणार होते, पण हल्ली मी जमिनीवर आडवी झाले की परत उभी राहायला मला दोन टप्पे लागतात, तेव्हा सध्या उभ्याउभ्याच नमस्कार. तुमची मान कशी आहे? मागच्या वेळी तुम्ही पट्टा लावला होता आणि कुणी हाक मारली की सबंध वळून बघत होता, त्याने हाक मारणाऱ्याला आपलं काही चुकलंय असं वाटायचं. ते तुम्हाला पट्ट्याशिवायही जमतं, त्यामुळे पट्टा सुटला असेल तर उत्तमच. यजमानांचा खोकला गेला का? आमच्याकडे सगळं ठीक. तुमचे बंधूही ठीक आहेत. (त्यांच्याबाबत याहून जास्त लिहिण्यासारखं काही घडत नाही. ही तक्रार नाही, माहिती आहे.)

रविवारी तुमचा फोन आला आणि तुम्ही म्हणालात की तू आता कामाला लागलीस, आई सकाळच्या एकट्या पडतात, तर वीस तारखेला मी गाडी घेऊन येते आणि त्यांना कायमचं माझ्याकडे घेऊन जाते. (आई म्हणजे आपल्या आई, तुमच्या जन्माने, माझ्या लग्नाने.) त्यावर मी 'बरं' म्हणाले. ते 'बरं' तुम्ही होकार म्हणून धरलंत. तो होकार नव्हता. नकारही नव्हता. आई माझ्यापासून चार फुटांवर खुर्चीत बसल्या होत्या आणि त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल दुसरं काही बोलावं असं मला सुचलं नाही. न्हाणीघरात पडल्या तेव्हा त्यांचं खुब्याचं हाड मोडलं, कान शाबूत राहिले. आमच्या दोन खोल्यांत फोनवर जे बोललं जातं ते सगळ्यांच्या मालकीचं असतं, म्हणून हे पत्र. तुमच्या निर्णयाच्या मी आड येणार नाही. फक्त कामावर परतल्यापासूनच्या या पाच आठवड्यांत काय काय झालं ते तुमच्या कानावर असावं, एवढाच हेतू आहे. दुसरा हेतू नाही.

आणि आई एकट्या पडत नाहीत. शेजारच्या काकू सात ते दहा येऊन बसतात. (त्या आईंना सांभाळतात की आई त्यांना, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. काकूंना कमी दिसतं, आणि औषधाच्या गोळ्या दोघींच्याही आईच काढतात.)

आता माझं काम. ते नक्की काय आहे हे तुम्हाला बारा वर्षांत कुणी नीट सांगितलेलं नाही. लग्न ठरताना 'व्यायाम शिकवते' असं सांगितलं गेलं, त्यावरून मी शाळेत आहे असा तुमच्याकडे समज झाला, आणि तो समज सगळ्यांना आवडल्यामुळे कुणी मोडला नाही. मी पर्सनल ट्रेनर आहे. म्हणजे एका वेळी एकाच माणसाच्या मागे लागते. तो वजन उचलतो, मी शेजारी उभी राहून आकडे म्हणते. एवढंच असतं तर कुणीही केलं असतं. खरं कसब आहे ते 'शेवटचे दोन' म्हणण्यात. माणूस लाल झाला, दंड थरथरायला लागले की ट्रेनर म्हणतो, शेवटचे दोन. ते झाले की पुन्हा म्हणतो, शेवटचे दोन. आमच्यात सगळे असंच करतात. समोरच्यालाही ते ठाऊक असतं, तरी तो दर वेळी विश्वास ठेवतो, कारण त्या क्षणी त्याच्याजवळ दुसरं काही नसतं. मी एका जागी एका माणसाकडून पाच वेळा शेवटचे दोन काढून घेतलेले आहेत. जिममध्ये मला 'जेलर' म्हणायचे. तोंडावर नाही, पण आरसे इतके आहेत की ओठ वाचता येतात.

आई पडल्या तेव्हा मी सहा आठवड्यांची रजा म्हणून गेले आणि एकोणीस महिन्यांनी परतले. त्या एकोणीस महिन्यांचा पाढा वाचत नाही, तुम्ही अधूनमधून येऊन बघितलंच आहे. कुशीवर वळवणं, पाठ पुसणं, चमच्याने भरवणं, उठवून बसवणं, बसलेल्याला उभं करणं. यात माझी ताकद वाढली असेल असं तुम्हाला वाटेल. वजन वाढलं, सात किलो. आईंची भूक मेली होती आणि त्यांच्या ताटात उरलेलं टाकवत नव्हतं, यापलीकडे त्यात गूढ काही नाही. पहिल्या दिवशी जिमचा जुना टी-शर्ट घातला तर तो मला पोटाशी घट्ट धरून बसला आणि हात वर केले की छातीपर्यंत चढायचा. त्याच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत 'थांबू नका' असं लिहिलेलं आहे. मागून बघणाऱ्याला ते टी-शर्टलाच उद्देशून असावं असं वाटत होतं.

मालकांनी मला बसवून घेतलं, विचारपूस केली आणि मग अट सांगितली. (मालक स्वतः कधी व्यायाम करत नाहीत. तब्येतीला मानवत नाही म्हणतात.) माझे सगळे जुने क्लायंट आता नव्या ट्रेनरकडे गेलेले आहेत. त्याचे दंड माझ्या मांडीएवढे आहेत, म्हणजे माझ्या पूर्वीच्या मांडीएवढे, म्हणून मी त्याला मनात दंडवाला म्हणते. तेव्हा मला सहा आठवडे, म्हणजे येत्या चोवीस तारखेपर्यंत मुदत. तेवढ्यात तीन क्लायंट टिकवून दाखवायचे. नाही जमलं तर पुढच्या काउंटरवर जागा आहे, तिथे टॉवेल द्यायचे आणि लॉकरच्या किल्ल्या परत घ्यायच्या. हे त्यांनी फार मायेने सांगितलं. वन्सं, मी कुठल्याच कामाला कमी लेखत नाही, पण अकरा वर्षं ज्यांना घाम काढायला लावला त्यांना घाम पुसायला टॉवेल देण्याची माझी तयारी नव्हती. मला माझं काम परत हवं होतं. त्या दिवशी घरी येताना जिन्यातच थोडं रडले, मग वर येऊन आईंना सगळं छान झालं असं सांगितलं.

पहिला क्लायंट मिळाला तो दंडवाल्याला कंटाळलेला. बँकेत मोठे अधिकारी आहेत, वजन ब्याण्णव किलो, बोलणं कमी. ते बाकावर उताणे झोपून छातीवरून दांडा वर ढकलत होते आणि मी आकडे म्हणत होते. इथवर सगळं जमलं. दांडा जागेवर ठेवून साहेब उठायला लागले, आणि माझे हात माझ्या परवानगीशिवाय पुढे गेले. एक हात मानेखाली, एक गुडघ्यांमागे. तोंडाने मी म्हणत होते, घाई नाही, सावकाश, डोकं माझ्या खांद्यावर टाका, मी धरलंय. (एकोणीस महिने रोज किमान सहा वेळा, हिशेब तुम्हीच करा.) साहेब इतके चकित झाले की त्यांनी खरोखर डोकं माझ्या खांद्यावर टाकलं. मी त्यांना बसवलं, पाय खाली सोडले, टॉवेलच्या टोकाने त्यांच्या ओठाचा कोपरा टिपला, आणि नेहमीच्या स्वरात विचारलं की आज सकाळी पोट साफ झालं का.

जिममध्ये गाणी मोठ्याने लावलेली असतात, पण नेमकं तेव्हाच एक गाणं संपून दुसरं सुरू व्हायचं होतं. दंडवाल्याचा हात हवेत थांबला. मला माझी काउंटरवरची खुर्ची स्पष्ट दिसली. साहेब आरशातून मागे कोण आहे ते बघून हळू आवाजात म्हणाले, "तीन दिवस नाही."

त्यानंतर पंधरा मिनिटं ते बोलत होते. जेवणाच्या वेळा, खुर्चीतलं काम, झोप न येणं, आणि घरात कुणाला हे सांगायची सोय नसणं. मी त्यांना पाणी किती, चालायचं कधी, ते सांगितलं, जे आईंना सांगते तेच. दुसऱ्या दिवशी त्यांनी मालकांना जाऊन सांगितलं की मला याच बाई हव्यात. कारण विचारलं तर म्हणाले, खाजगी आहे. मालक त्यावरून भलतंच काही समजले आणि दोन दिवस आमच्या आजूबाजूला घुटमळत राहिले. शेवटी त्यांच्या कानावर एक संभाषण पडलं, त्यात इसबगोलाव्यतिरिक्त काही नव्हतं, तेव्हा ते आत जाऊन बसले.

दुसऱ्या एक वकीलबाई. त्यांना वजन कमी करायचं होतं. पायऱ्यांच्या मशीनवर चढून चौथ्या मिनिटाला त्या म्हणाल्या, नाही जमत. पूर्वीची मी असते तर म्हणाले असते, न जमायला काय झालं, शेवटची दोन मिनिटं. पण तोंडातून निघालं, राहू दे, आपण जरा बसू. त्यांना टेकवून बसवलं, पाठीमागे उशी नव्हती म्हणून गुंडाळलेली चटई दिली, आणि त्या अर्धा तास त्यांच्या एका खटल्याबद्दल आणि त्यापेक्षा जास्त त्यांच्या आईबद्दल बोलल्या. व्यायाम काही झाला नाही. त्यांनी लगेच तीन महिन्यांसाठी नाव घातलं. पुढल्या खेपेला मात्र त्या मशीनवर स्वतःहून वीस मिनिटं चढल्या, मी काही बोलले नव्हते. हे कसं होतं ते मला अजून नीट उलगडलेलं नाही.

उलट बाजू अशी की जिममधून हाकललेला जेलर माझ्या घरी राहायला आला. त्याला कुठेतरी जाणं भागच होतं. आईंचा व्यायाम मी गेले नऊ महिने गोडीगुलाबीने घेत होते, आता फ्रिजवर त्याचा तक्ता लावला. शिट्टी आणली. खुर्चीतून उठणं-बसणं बारा वेळा, भिंतीला टेकून पाय उचलणं दहा-दहा, दोन्ही हातांत एकेक किलोच्या पाण्याच्या बाटल्या. त्यापुढे आई जायला तयार नव्हत्या. दोन किलोच्या वर माझ्याच्याने होणार नाही, हे त्या इतक्या खिन्न चेहऱ्याने सांगायच्या की मला पुढे बोलवत नसे. आणि 'शेवटचे दोन' तर त्यांच्यापुढे चालतच नाही. तुम्हाला ठाऊकच आहे, तारघरात तेहेतीस वर्षं लोकांचे शब्द मोजण्यात गेलेली बाई ती. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बजावलं की शेवटचे म्हणालीस की शेवटचे, नाहीतर दुसरा शब्द वापर. आणि बारा झाले की त्या बसतात. मी शिट्टी वाजवली तर काकूंना वाटतं कुकर झाला, आणि त्या उठून गॅस बंद करतात.

तिसऱ्या क्लायंटचं मात्र जमेना. पोलिसात भरती व्हायची तयारी करणारी एक मुलगी खास माझं जुनं नाव ऐकून आली होती. तिला जेलरच हवा होता. मी तिला पळवलं, तिची पोटरी दुखली, मी मशीन बंद करून तिच्या गुडघ्यांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली आणि कपाळाला हात लावून ताप बघितला. तिने मालकांना अगदी नम्रपणे सांगितलं की मला कुणीतरी ओरडणारं द्या. तिला दंडवाल्याकडे दिलं. त्याला ओरडण्याशिवाय दुसरं काही येत नाही, त्यामुळे ते योग्यच झालं. पण मुदतीचा चौथा आठवडा उजाडला होता आणि माझ्याजवळ दोनच माणसं होती.

अशात काकूंची डोळे तपासायची तारीख आली. तुमचे बंधू म्हणाले, मी रजा काढली असती, पण तू आधी सांगायला हवं होतंस. (आधी म्हणजे किती आधी हे त्यांनी सांगितलेलं नाही.) म्हणून मी गाडी बोलावली आणि आईंना काठीसकट जिममध्ये घेऊन गेले, पाण्याच्या यंत्राशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं, आणि इथून हलू नका म्हणून सांगितलं. त्या हलल्या नाहीत. बँकेतले साहेब खांद्यावर वजन घेऊन बैठका काढत होते आणि स्वतःच मोजत होते. सहा म्हणाले, आठ म्हणाले. तेव्हा खुर्चीतून, अजिबात आवाज न चढवता, आई म्हणाल्या, "सात राहिले."

साहेबांनी माफी मागितली आणि सात काढली.

मी अकरा वर्षांत हे कधी पकडलं नव्हतं, कारण माझेच आकडे खोटे असल्यामुळे दुसऱ्याच्या आकड्यांकडे माझं लक्ष जात नसे. पुढे मी सवयीने शेवटचे दोन म्हणाले. साहेबांनी दोन काढल्या, थांबले, आणि माझ्याकडे न बघता खुर्चीकडे बघितलं. आईंनी मान हलवली. साहेबांनी वजन खाली ठेवलं. मी तिथे उभी होते, वन्सं, आणि मला विचारायची कुणाला गरज वाटली नाही. पण गंमत अशी की पुढच्या फेरीत त्यांनी ठरल्यापेक्षा तीन जास्त काढल्या, आपण होऊन. शेवट कुठे आहे ते पक्कं कळल्यावर माणूस त्याच्या पुढे जायला घाबरत नाही, असं मला वाटतं. वकीलबाई तर वीस मिनिटं त्यांच्या खुर्चीसमोरच्याच मशीनवर होत्या आणि उतरल्यावर विचारत होत्या, बरोबर झाली ना?

इतक्यात मालक आले. आतमध्ये नातेवाईक आणायचे नाहीत असा त्यांचा नियम आहे, तशी पाटीच आहे, आणि आई नेमक्या त्या पाटीखाली बसल्या होत्या. या कोण, म्हणून त्यांनी विचारलं. मी सासूबाई म्हणणार होते. तोंडातून निघालं, या माझ्या तिसऱ्या क्लायंट. मालकांनी आईंकडे बघितलं, काठीकडे बघितलं, आणि एक फॉर्म आणून दिला. आईंनी चष्मा लावून तो पहिल्या शब्दापासून वाचला, वय शहाहत्तर लिहिलं, आधीची दुखापत लिहिली. 'व्यायामाचं उद्दिष्ट' यापुढे चार ओळींची जागा होती. आईंनी तीन शब्द वापरले. 'आधाराशिवाय उठणे. बस.' मालक म्हणाले की लोक इथे पोट कमी करणं वगैरे लिहितात. आई म्हणाल्या, ते लोकांचं. तेव्हापासून त्या मंगळवारी आणि शुक्रवारी माझ्याबरोबर येतात. हे तुम्हाला आधी सांगितलं नाही, कारण तुम्ही पायऱ्यांची चौकशी केली असतीत. आठ आहेत. कठडा आहे.

त्या पहिल्या दिवशी घरी आल्यावर त्या आडव्या झाल्या. दमल्या असतील असं मला वाटलं. संध्याकाळी भाजी निवडता निवडता एवढंच म्हणाल्या, "तिथे तू निराळीच दिसतेस." चांगल्या अर्थाने की कसं ते विचारायला मी तोंड उघडलं, पण त्यांनी भाजीची जुडी माझ्याकडे सरकवली आणि विषय संपला.

मग रविवारी तुमचा फोन आला. सोमवारी मी साडेदहाला परतले. काकू नुकत्याच गेल्या होत्या. दारात बूट काढत असताना आतल्या खोलीचं दार उघडं होतं आणि आई पलंगापाशी उभ्या दिसल्या. खाली ती त्यांची जुनी तपकिरी बॅग होती. त्यांनी दोन्ही पाय खांद्याइतके फाकवले. कंबर मागे नेली. पाठ एका रेषेत, मान सरळ, गुडघे पायांच्या बोटांच्या पुढे नाहीत. मूठ घट्ट धरली, श्वास सोडत उठल्या, आणि बॅग पलंगावर ठेवली. वन्सं, मी नऊ महिने त्यांना हे शिकवते आहे. अकरा वर्षांत चांगल्या चांगल्या धडधाकट माणसांकडून इतकं नेटकं मला करून घेता आलेलं नाही. मी हातात एक बूट घेऊन तशीच उभी राहिले आणि मनात पैकीच्या पैकी गुण दिले.

मग लक्षात आलं की बॅग रिकामी नव्हती. तिच्यात साड्या होत्या, औषधांचा डबा होता, वरून शाल घडी करून ठेवली होती. त्या बॅग काढत नव्हत्या. भरलेली बॅग आपल्याला उचलता येते का ते बघत होत्या. (मी नंतर ती न्हाणीघरातल्या काट्यावर ठेवून बघितली. साडेनऊ किलो. दोन किलोच्या वर माझ्याच्याने होणार नाही! मला आधी राग आला तो याचाच. नऊ महिने या बाईने मला फसवलं, आणि मी क्लायंटच्या डोळ्यांत बघून त्याची खरी ताकद सांगते अशी माझी ख्याती होती.)

मी विचारलं, हे काय. त्या म्हणाल्या, वीस तारखेला मला कुणी उचलायला नको, मला नाही आणि माझ्या बॅगेलाही नाही. आणि मग खाली पलंगावर बसून म्हणाल्या, "माझ्यापायी दीड वर्ष घरात बसलीस. आता पुरे झालं तुझं."

बोलणं हाच माझा धंदा आहे. माणूस कोसळायच्या बेतात असताना त्याला काय म्हणायचं हे मला झोपेतही येतं. तेव्हा मला जे सुचलं ते असं की, पाठ छान सरळ ठेवलीत. त्या म्हणाल्या, हो, ठेवली. मग मी हातातला बूट जागेवर ठेवला आणि स्वयंपाकाला लागले.

असो. तर असं सगळं आहे. तुमच्या येण्याची वेळ कळवावी. यजमानांना नमस्कार, तुमच्या दोघा मुलांना आशीर्वाद, आणि मान जपा.

तुमची,
धाकटी भावजय

ता. क. आईंना नेल्यावर काही गोष्टी सांभाळाव्या लागतील. उठताना हात देऊ नये. समोर उभं राहावं, पण दुसरीकडे बघत. मोजणी मोठ्याने करावी आणि खरी करावी. दोन किलोवर विश्वास ठेवू नये. सकाळी त्यांना बोलायला एक कमी दिसणारी व्यक्ती लागते, ती तुमच्या शेजारी आहे का ते बघावं. आणि मंगळवार-शुक्रवार त्यांना कुठेतरी न्यावं, जिथे बरीच माणसं चुकीचं मोजत असतील.

ता. क. २. वरचं वाचून मलाच पटलं नाही, म्हणून मूळ विनंती लिहिते. तुम्ही त्यांना वीसला नेऊ नका. माझी मुदत चोवीसला संपते आणि त्या माझ्या तिसऱ्या क्लायंट आहेत. त्या गेल्या तर माझ्याजवळ दोनच उरतात आणि मी टॉवेल वाटायला बसते. तेव्हा कृपा करून तुम्ही त्यांना फोन करून सांगा की तुमच्याकडे खोलीचं काम निघालंय, जागा नाही. मला त्यांना थांबा म्हणता येत नाही. मी म्हटलं तर त्यांना वाटेल की मी सुनेचं कर्तव्य करते आहे, आणि त्या आणखी लवकर निघतील. तुम्ही नाही म्हटलंत तर त्या तुमच्यावर रागावतील. तुमच्यावर रागावल्या की पंधरा दिवस त्यांचं माझ्याशी फार चांगलं जमतं. तेवढे पंधरा दिवस मला द्या.

ता. क. ३. हेही खरं नाही. बँकेतल्या साहेबांनी त्यांच्या शाखेतले दोघे आणले आहेत (दोघांचंही पोट), आणि मालकांनी मला काल नवा टी-शर्ट दिला, माझ्या खऱ्या मापाचा. माझं काम पक्कं झालं. आई गेल्या तरी माझं काही अडत नाही. जाऊ नयेत असं वाटतं, एवढंच आहे. दीड वर्ष रोज सकाळी डोळे उघडले की मी आधी त्यांचा श्वास ऐकते, आणि ते काही मला कर्तव्य म्हणून करावं लागत नाही. तेव्हा ते खोलीच्या कामाचं तेवढं सांगाच.

ता. क. ४. मी पाकीट शोधायला उठले तेवढ्यात आईंनी हे सगळं वाचलं. चष्मा लावून, पहिल्या ओळीपासून. लांबलंय म्हणाल्या. मग म्हणाल्या, "लेकीला खोटं बोलायला लावण्यापेक्षा मला विचारायचं होतंस." म्हणून मी विचारलं, राहाल का. त्यांनी चष्मा मिटून डबीत ठेवला. मग म्हणाल्या, मला वाटलं तू विचारणारच नाहीस. तेव्हा वन्सं, तुम्हाला काही सांगावं लागणार नाही. तुम्ही वीसला या, आठ दिवस राहा, पलंग तुम्हाला देऊ. आत्ता त्यांनी शाल तेवढी काढून घेतली आणि बॅग पायाने ढकलत पलंगाखाली सारली. ते चुकीचं आहे. सगळा भार खुब्याची शस्त्रक्रिया झालेल्या पायावर आला आणि पाठ पार वाकली. तरी मी पैकीच्या पैकी गुण दिले.